चुकलेला पक्षी आधी सांग

हसनभाईंच्या हातात बारा महिने छत्री असायची, पण ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. पाऊस आला तर ते भिजायचे. छत्री होती ती पक्ष्यांसाठी. कावळा उडाला, कबुतर उडालं, शेतावरून बगळा गेला, की बोलता बोलता त्यांची मिटलेली छत्री खांद्याला लागायची. तिचं टोक पक्ष्याच्या मागून निघायचं, त्याला गाठायचं, थोडं पुढे जायचं आणि हसनभाई हळूच म्हणायचे, "ठो." पक्षी आपल्या वाटेने निघून जायचा. छत्री मात्र 'ठो' म्हटल्यावरही थांबायची नाही. पक्षी जाईल तिकडे ती हातभर तरी फिरत राहायची. मग हसनभाई ती खाली घ्यायचे आणि बोलणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायचे.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून. मूर्ती बाहेरगावी पाठवायच्या तर त्यांच्याभोवती भरायला पेंढा लागतो. आमच्या जुन्या पेंढेवाल्याने धंदा सोडला, तेव्हा कुणीतरी रोह्याच्या पलीकडच्या हसनभाईंचं नाव सांगितलं. टेम्पो आला. त्यातून एक उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. तेवढ्यात आमच्या पत्र्यावरून कावळा उडाला आणि या माणसाने छत्री रोखली. मी माझ्या मुलाला, सुनीलला म्हटलं, "पेंढा उतरवून घे आणि याला लवकर वाटेला लाव. डोक्यात बिघाड दिसतोय."

हसनभाईंनी ते ऐकलं. म्हणाले, "डोक्यात नाय वयनी, बिघाड छत्रीत हाय. बघा ना, आवाज तोंडानं काढावा लागतो."

त्यानंतर दर वर्षी पेंढा त्यांचाच. माणूस बोलका होता, पण फुकटची वटवट नव्हती. तरुणपणी बापाबरोबर कुंडलिका नदीच्या काठाने बदकं मारायला जायचा. तेव्हा ते चालायचं. मग कायदा आला आणि पक्षी मारणं बंद झालं. पण हसनभाईंनी त्याच्याही आधी सोडलं होतं. का सोडलं, ते एकदा पेंढ्याच्या भाऱ्यावर बसून त्यांनी सांगितलं. एका बदकावर बार टाकला. लागला, पण नीट लागला नाही. बदक काठच्या तिवरांच्या झाडीत पडलं आणि ओरडत राहिलं. हसनभाई कमरेभर चिखलात शिरून शोधत होते. आवाज येत होता, बदक मिळत नव्हतं. मग आवाजही बंद झाला.

"मेलेल्या पक्ष्याचा मला काय वाटला नाय, वयनी," ते म्हणाले. "आपण खातो ते. पण अर्धा मारलेला पक्षी लय वाईट. नीट मारता येत नसेल त्यानं बंदूक उचलू नये."

पुढे ते कुवेतला गेले. तिथे नेमबाजीच्या मैदानावर कामाला होते. तिथे जिवंत पक्षी नसतात. मातीच्या बशीसारख्या चकत्या यंत्रातून उडवतात आणि नेमबाज त्या हवेत फोडतात. हसनभाईंनी आधी खड्ड्यात बसून यंत्रात चकत्या भरल्या, मग नेमबाजांच्या मागे उभं राहून बटण दाबलं. अर्धं आयुष्य तेच केलं. म्हणायचे, "मातीचा पक्षी चांगला. चुकला तर त्याला काय दुखत नाय." स्वतः तिथे एकदाही बंदूक धरली नाही, पण मागे उभं राहून हजारो लोकांना चुकताना पाहिलं. "फोडणारा सगळा सारखाच फोडतो," ते म्हणत. "चुकणारा प्रत्येक जण वेगळा चुकतो. शिकायचा तर त्याच्याकडून."

हे सगळं आमच्या कामाला आलं ते मनालीमुळे. मनाली माझी नात, सुनीलची मुलगी. कॉलेजात एनसीसीत होती. तिथे रायफलने तिचा नेम बरा लागायचा. मुंबईच्या वाटेवर एक नेमबाजीचं मैदान आहे, तिथल्या सरांनी तिला उडत्या चकत्यांवर घेतलं. बंदूक मैदानाची, काडतुसं मैदानाची. दर रविवारी सकाळी रामवाडीच्या स्टँडवरून एसटी धरून जायची आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायची. स्थिर ठिपका फोडणारी पोर उडत्या चकतीला नेम लावू शकत नव्हती.

सुनीलने तिला स्पष्ट सांगितलं होतं. दिवाळीनंतर संघाची निवड आहे. निवडली गेलीस तर कर काय करायचं ते. नाही निवडली गेलीस तर रोह्याजवळ धाटावला कंपनीत लॅबमध्ये जागा आहे, तिथे शिफ्टला जायचं आणि बंदुकीचं नाव काढायचं नाही. मला त्याचं चुकीचं वाटलं नाही. आणि मनालीचं तोंड बघून बरंही वाटलं नाही.

त्या वर्षी हसनभाई पेंढ्याचं बोलायला आले तेव्हा मनाली ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "हिला पक्षी लागत नाही. तुम्ही छत्रीने एवढे मारता, हिला सांगा काहीतरी."

हसनभाईंनी तिला विचारलं, "कसा चुकतो?"

"माहीत नाही, चाचा. सरळ गेलेल्या थोड्या फुटतात..."

"फुटलेल्याचा कोण विचारतोय? फुटलेला काय शिकवणार? चुकलेला पक्षी आधी सांग."

मनालीला सांगता येईना. एवढे रविवार गेले, पण आपण कुठे चुकतो ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. फुटलेल्या तेवढ्या मोजून घरी यायची.

तिथून आमच्या मागच्या मोकळ्या शेतात शिकवणी सुरू झाली. हसनभाईंकडे शेती राखायची परवान्याची बंदूक होती, रानडुकरांसाठी. मला वाटलं ती आणतील. ते म्हणाले, "परवाना माझ्या नावाचा, बंदूक माझ्या हातात. पोरीला तिच्या मैदानावर बंदूक हाय. इथं छत्री." मग मला म्हणाले, "वयनी, तुम्ही देव करता, आता पक्षी करा."

मी शाडूच्या चकत्या केल्या. शाडू जड, फेकली की दगडासारखी खाली. मग कागदाचा लगदा मिसळला, कडा जाड ठेवली, मधे खोलगट केलं, तेव्हा तरंगायला लागल्या. वर उरलेला शेंदरी रंग मारला. फेकायचं काम माझं. लहानपणी बापाच्या शेतात माळ्यावर बसून मी गोफणीने पाखरं हाकलली आहेत, हाताला वळण होतं. मी झुडपामागे उभी राहून वाटेल तिकडे चकती फेकायची, मनालीने छत्री खांद्याला लावून तिच्यामागे फिरवायची आणि "ठो" म्हणायचं. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, "आजी, नाटक बसवताय काय?" मी म्हटलं, "होय, तुझं काम ठोंब्याचं आहे, उभा राहा." तो गेला.

हसनभाई मागे उभे राहून बोलत असायचे. "हातानं फिरवू नको, कंबरेतनं फिर. हात फिरला तर हातच फिरतो, कंबर फिरली तर सगळी बाई फिरते." "गाल उचललास. गाल उचलला की पक्षी तुझा नाय." "नळीकडं काय बघतेस? नळी कुठं पळून जाणार हाय? पक्षी पळतोय, त्याच्याकडं बघ." आणि सगळ्यांत जास्त वेळा, "थांबलीस! ठो बोललीस नि थांबलीस!"

मनाली म्हणायची, "चाचा, बार झाल्यावर फिरवून काय उपयोग?"

"बार झाला का नाय ते पक्ष्याला माहीत हाय काय? तो थांबला? मग तू का थांबतेस? माणूस ठो बोलायच्या आधीच मनात थांबलेला असतो. म्हणून पुढं जायचा."

एकदा खेळता खेळता मनालीने छत्रीचं टोक सुनीलकडे केलं आणि म्हणाली, "बाबा, ठो." सुनील हसला. मीही हसले. हसनभाईंनी तिच्या हातातून छत्री काढून घेतली आणि टेम्पोकडे चालायला लागले. चहा टाकलेला होता. मनाली मागे धावली, "चाचा, छत्रीच तर होती!"

"आज छत्री हाय," ते म्हणाले आणि गेले. पुढचे आठ दिवस आले नाहीत. मनाली रोह्याला जाऊन त्यांच्या घरी बसून आली, तेव्हा परत आले. त्यानंतर आमच्या घरात कुणी केरसुणीसुद्धा माणसाकडे रोखली नाही.

मनाली सुधारली. पण मैदानावरून आल्यावर जे सांगायची त्यात एक गोष्ट दर वेळी तीच. डावीकडे जाणारी चकती फुटते, सरळ गेलेली कधी फुटते कधी नाही, उजवीकडे जाणारी एकही फुटत नाही. हसनभाईंनी तिचे पाय बघितले, कंबर बघितली, गाल बघितला. सगळं ठीक होतं. मी उजवीकडे फेकून फेकून थकले. हसनभाईंनाही चूक कुठे आहे ते सापडेना.

गणपती तोंडावर आले. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला बसले होते. हसनभाई पेंढा घेऊन आले होते आणि दाराशी उभे होते. मनाली एका मूर्तीच्या पितांबरावर रंगाची गन मारत होती. गन चोंदली. तिने नोझल काढलं आणि भोकातून उजेडाकडे बघितलं.

"पोरी," हसनभाई म्हणाले, "परत बघ."

"काय?"

"त्या भोकातनं. परत बघ."

तिने परत नोझल डोळ्याला लावलं. डाव्या डोळ्याला.

हसनभाई आत आले. म्हणाले, "इथनंच हात लांब करून त्या कोपऱ्यातल्या गणपतीच्या टिळ्यावर बोट धर. दोन्ही डोळे उघडे ठेव. धरलास? आता उजवा मीट."

"टिळ्यावरच आहे."

"आता तो उघड. डावा मीट."

"चाचा! बोट सरकलं. कानावर गेलं."

हसनभाई पेंढ्याच्या भाऱ्यावर खाली बसले. "मी गाढव हाय," ते म्हणाले. "पायापासनं गालापर्यंत सगळा बघितला, डोळा नाय बघितला. पोरी, तुझा मालक डोळा, ज्याचा हात ऐकतो तो, डावा हाय आणि बंदूक उजव्या खांद्याला. मालक एका घरात, चावी दुसऱ्या घरात. तुझा सगळा छर्रा डावीकडं जातोय. डावीकडं जाणारा पक्षी आपणच त्यात जाऊन पडतो. उजवीकडचा मजेत निघून जातो." मग विचारलं, "डावखुरी हाय काय ही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या कारखान्यात देवाला डावा हात लावत नाहीत. सासऱ्यांचा नियम. मनाली लहान असताना डाव्या हातात ब्रश धरायची, मी तो काढून उजव्या हातात द्यायची. रडायची, मग शिकली. आज तिच्या उजव्या हातासारखी रेघ कारखान्यात दुसऱ्या कुणाची नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण उजव्या हाताने जेवणारी, लिहिणारी, रंगवणारी पोर बंदूकही उजवीकडेच धरणार, आणि डोळ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मैदानावरच्या सरांना तिने सांगितलं. तेही म्हणाले की मलाही शंका होती. दोन वाटा आहेत. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे उजवा डोळा मुकाट्याने काम करेल. नाहीतर बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायची. पहिलं सोपं, दुसरं पक्कं. पण निवड जवळ आहे, विचार कर.

सुनील वैतागला. "आता खांदा बदलायचा? ज्या फुटतात त्याही फुटायच्या नाहीत."

हसनभाई म्हणाले, "पट्टी लावून पण होईल. पण एक डोळा झाकला की पक्षी किती लांब, किती जोरात, ते अर्धाच कळतो. मी सांगणार नाय. पोरीला ठरवू दे."

मनाली माझ्याकडे बघत होती. तिचा डावा हात पाठीमागे होता, लहानपणी ब्रश लपवायची तसा.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं. "बंदूक काय गणपती आहे? धर डाव्या हातात."

हसनभाई एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं.

मूर्ती गेल्या, कारखाना रिकामा झाला आणि पुन्हा शेतात चकत्या उडायला लागल्या. पहिले काही दिवस बघवत नव्हतं. डाव्या खांद्यावर छत्री घेतली की पोर सगळं विसरायची. कंबर अडकायची, गाल उचलायचा, पाय उलटे पडायचे. सरांनी डाव्या खांद्याला बसेल अशी बंदूक शोधून दिली, तरी रविवारी पूर्वीपेक्षा कमी फुटायच्या. सुनील धाटावला जाऊन कामावर हजर व्हायचा दिवस विचारून आला. हसनभाईंना दम लागायला लागला होता. ते खुर्ची मागून घ्यायचे आणि बसून बोलायचे, "चुकलेला सांग." मनाली सांगायची. आता तिला सगळं सांगता यायचं. मागे राहिला, खालून गेला, मी थांबले. "मग बरा हाय," ते म्हणायचे. "माहीत असलेली चूक पाळीव असते."

निवडीला हसनभाई आले नाहीत. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला होता. मी आणि सुनील गेलो. मी पहिल्यांदाच खरी बंदूक चालताना बघत होते. आवाज छातीत बसतो. मनालीची पाळी आली. तिने चकती सोडायची हाक दिली, चकती सरळ गेली, बार झाला, चकती तशीच पुढे जाऊन गवतात पडली. दुसरीही गेली. सुनील माझ्याशेजारी उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला. मग एक डावीकडे निघाली, ती फुटली. त्यात मला आनंद नव्हता, डावीकडच्या आधीही फुटायच्या.

मग उजवीकडची निघाली. शेंदरी, माझ्या चकत्यांसारखीच, पण किती जोरात. मी मनालीच्या कमरेकडे बघत होते. कंबर फिरली. बार झाला. चकती होती तिथे नुसती धूळ उडाली. आणि बंदूक थांबली नाही. धूळ खाली बसत होती तरी नळी हातभर पुढे जात राहिली. मला वाटलं, हसनभाई इथेच कुठेतरी मागे उभे आहेत.

पुढे आणखी काही चुकल्या. उजवीकडची एकही चुकली नाही. यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं. शेवटून असो की पहिलं असो, होतं. मला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पिशवीतून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली आणि मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या खाल्ली. सुनील बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. धाटावला सांगत होता की मुलगी येत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. आवाज चढलेला होता, पण रागाचा नव्हता.

मनालीने हसनभाईंना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून मोठा केला.

"चाचा, निवड झाली!"

"चुकलेले सांग."

तिने एकेक सांगितला. पहिल्या दोन सरळ गेल्या, त्यात घाई केली. मग एक खालून. शेवटची डावीकडची, गाल उचलला. हसनभाई प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत होते. मग विचारलं, "उजवीकडचे?"

"सांगण्यासारखा एकही नाही, चाचा."

हसनभाईंनी तिकडे नाक शिंकरलं. मग म्हणाले, "मग ठेव फोन. बॅलन्स जाईल तुझा." आता बॅलन्स कुणाचा जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यानंतर त्यांनी आपली बंदूक स्वतः जाऊन पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना परत दिला. बायकोचं नाव काढून म्हणाले, "माझ्यामागं रुकय्याला कशाला त्रास? डुकरांना सांगितलंय, आता मजा करा." कितीतरी घरांत म्हातारा जातो आणि बंदूक मागे राहते, मग पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या माणसाने ते काही ठेवलं नाही.

मार्चमध्ये ते गेले. घरीच, दुपारी. मी आणि मनाली रोह्याला गेलो. रुकय्याभाभींनी चहा विचारला, मी नको म्हटलं. अशा घरी चहा घशाखाली जात नाही. मनाली भिंतीला टेकून रडत होती. मी तिला गप्प केलं नाही.

भाभींनीच सांगितलं. त्या दिवशी ते खाटेवर पडून होते. बोलणं कमी झालं होतं. एक चिमणी खिडकीतून आत आली, वाशांभोवती फिरली, बाहेरची वाट शोधायला लागली. हसनभाईंनी बोट उचललं. छत्री कोपऱ्यात होती, म्हणून बोटच. चिमणीमागून बोट निघालं, तिला गाठलं, थोडं पुढे गेलं. भाभी वाट बघत होत्या. चिमणी खिडकीतून बाहेर गेली, बोटही खिडकीपर्यंत गेलं आणि खाली आलं.

भाभींनी विचारलं, "आज ठो नाय बोललात?"

ते म्हणाले, "नाय गो. तिला जायचा होता."

मग डोळे मिटले आणि झोपले ते झोपलेच. काही त्रास झाला नाही, असं भाभी म्हणाल्या.

मी मघाशी नको म्हटलेला चहा मागून घेतला.